उतरवलेलं मीठ

"तोंड उघड म्हटलं की उघडायचं. मी काय तुझा दात खाणार हाय?"

शकिला दोन्ही हातांनी गाल धरून बसली होती आणि नुसती मान हलवत होती. रविवारची सकाळ. आमच्या मागच्या दारी आंघोळीच्या पाण्याचा बंब पेटला होता, मी त्यात उसाची वाळकी चिपाडं सारत होते, आणि ही बया दवाखान्यात नेतील या भीतीनं घरातून पळून आमच्याकडे आली होती. गाल एवढा सुजला होता की त्या बाजूचा डोळा बारीक झाला होता.

"लवंग धरलीस?"

"धरली."

"मग मर."

ती खरंच रडायला लागली. आता मात्र मला वाईट वाटलं. तिला हसवावं म्हणून मी आत गेले, मूठभर खडे मीठ घेऊन आले, पदर नव्हता म्हणून ओढून-ताणून फ्रॉकचा घोळच डोक्यावर घेतला आणि कॉलनीतल्या बायका काढतात तशी तिची दृष्ट काढायला लागले. आल्यागेल्याची, बसल्याउठल्याची, दातवाल्या डॉक्टरची, त्याच्या पकडीची, असलं तोंडाला येईल ते बडबडत मी मूठ तिच्यावरून तीनदा उतरवली. रडतारडता ती फिस्सकन हसली. मी मीठ बंबात टाकलं.

मीठ तडतडलं नाही.

विस्तवात मीठ टाकलं की ते फटाफट उडतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. हे उडालं नाही. जाळ एकदम खाली दबला, आणि किडक्या दाताची अशी काही घाण सुटली की मी नाक धरून मागं सरकले. मग जाळ परत वर आला. वळून बघते तर शकिलाचा गाल उतरत होता. माझ्या डोळ्यांदेखत! डोळा उघडला, गालाचं हाड दिसायला लागलं, आणि ती आतून जीभ फिरवून फिरवून दात चाचपत राहिली.

"हेमे," ती म्हणाली, "दुखत न्हाई."

"खोटं बोलू नको."

"अल्लाशप्पथ दुखत न्हाई! हे बघ, दाबून बघ!"

मी दाबून बघितलं. ती हूं का चूं करेना. मी सरळ चिपाडांच्या ढिगावर बसकण मारली. तिकडे बंबातलं पाणी उकळून बाहेर सांडत होतं आणि आई आतून ओरडत होती, "हेमलते, कुठं मेलीस?"

मी तेव्हा सातवीत होते. माझ्यात विशेष असं काही नव्हतं. गणितात काठावर पास, चित्रकलेत नापास, धावण्यात शेवटून दुसरी. आम्ही साखर कारखान्याच्या कॉलनीत राहत होतो. वडील, म्हणजे आप्पा, बॉयलरवर कामाला होते. आई कॉलनीतल्याच बालवाडीत शिकवायची. शकिलाचे अब्बा कारखान्यात फिटर होते आणि दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत होती. जादूबिदूची खरी हौस मला नव्हती, शकिलाला होती. कारखान्याच्या वाचनालयात सगळ्यात खालच्या फळीवर पोरांची पुस्तकं असायची, तिनं ती सगळी वाचून काढली होती. साधीच पोरं असतात, त्यांना एक दिवस काहीतरी सापडतं, कुणाला टोपी, कुणाला अंगठी, आणि मग ती राक्षसाला भारी पडतात. तिच्या मते हे आज ना उद्या आमच्या कॉलनीत घडणारच होतं. फक्त ते माझ्यासारख्या माठ पोरीच्या वाट्याला आलं, याचा तिला मनापासून राग आला होता.

तिनं आधी स्वतः करून बघितलं. मीठ घेतलं, माझ्यावरून उतरवलं, बंबात टाकलं. तडतड तडतड उडालं, आणि माझ्या बोटाला चिपाडाची कुस गेली होती ती ठणकतच राहिली. मग दुपारी कॉलनीतल्या एका म्हाताऱ्या कुत्र्याला आम्ही भाकरी दाखवून मागच्या दारी आणलं. त्याच्या कानात किडे पडले होते. मी मीठ उतरवलं, विझत आलेल्या बंबात टाकलं, आणि तीच गोष्ट झाली. जाळ दबला, घाण सुटली. कुत्र्यानं कान झाडला, चार-पाच मेलेले किडे फरशीवर पडले आणि ते शेपूट हलवत निघून गेलं. शकिलानं तोंडावर हात दाबून धरला होता. मला हसावं का ओकावं कळेना.

"आता नियम ऐक," ती थोड्या वेळानं म्हणाली. नियम तिला सगळे पाठ होते. "कुणाला सांगायचं न्हाई. मोठ्या माणसांना तर मुळीच न्हाई. गोष्टीतल्या आईबापाला शेवटपर्यंत काही कळत नसतं."

"आणि कळलं तर?"

"कळत नसतं गं. ते आपलं काम करत असतात."

दोघींच्या मनात तेव्हा एकच नाव होतं, पण तिनं ते घेतलं नाही आणि मीही घेतलं नाही. दिगू.

दिगू माझा धाकटा भाऊ. सात वर्षांचा होता, दिसायचा चारचा. जन्मला तोच छातीत शिट्टी घेऊन. श्वास घेताना बारीक, सोडताना मोठी. आम्हाला तिची इतकी सवय झाली होती की घरात घड्याळ वाजावं तशी ती वाजायची आणि कुणाचं लक्ष जायचं नाही. पण गळीत हंगाम सुरू झाला, की चिमणीतून काळी राख पडायची, चिपाडाची धूळ घराघरांत शिरायची, आणि दिगूचे ओठ निळे पडायचे. दिवाळीनंतर दोनदा त्याला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं होतं. दुसऱ्यांदा डॉक्टरांनी आप्पांना बाजूला घेऊन सांगितलं, की ह्या हवेत हे पोर पुढची दिवाळी बघायचं नाही. मी दाराआड उभी राहून ऐकलं होतं. हवा बदलायची म्हणजे आप्पांनी बॉयलर सोडायचा, आणि बॉयलर सोडून त्यांना दुसरं काही येत नव्हतं.

बुधवारी आम्हाला शाळेतून अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली आणि शकिला माझ्याबरोबर आमच्याकडेच आली. दुपारची वेळ, आई बालवाडीत, ती चारच्या भोंग्याशिवाय येणार नव्हती. आप्पांची रात्रपाळी होती, म्हणून ते आतल्या खोलीत झोपले होते. दिगू बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता, मांडीवर उशी घेऊन, कारण आडवं झालं की त्याला श्वास लागायचा.

"दिगू, तुझी दृष्ट काढायची," मी म्हणाले.

"मिरच्या नको," तो म्हणाला. जळत्या मिरच्यांचा खाट त्याला सोसायचा नाही.

"मिरच्या न्हाईत, मोहरी न्हाई. नुसतं मीठ."

"आणि जाळायचं?" मी शकिलाला हळूच विचारलं. बंब सकाळीच विझला होता. तो पेटवायचा तर आधी घरभर धूर झाला असता, आणि दिगू पुढ्यात बसला होता.

"जाळायचं राहू दे," शकिला म्हणाली. "ती नुसती रीत असती. जादू तुझ्या हातात हाय, बंबात न्हाई. एका वाटीत ठेव, उद्या सकाळी टाकू."

मला ते पटलं. का पटू नये? सगळं शिकून बसलेली ती होती.

मी मूठ भरली. या वेळी मला काहीबाही बडबडता आलं नाही. मी एवढंच म्हणाले, "जा इथनं. माझ्या भावाला सोड आणि जा." तीनदा उतरवलं. तिसऱ्यांदा मूठ त्याच्या छातीवरून खाली आली तेव्हा हाताला असा हिसका बसला, की कुणीतरी आतून मनगट धरून ओढल्यासारखं वाटलं. मूठ जड झाली. मी धावत स्वयंपाकघरात गेले आणि मीठ एका वाटीत ओतलं. ते ओलं झालं होतं, आणि कोमट.

परत आले तर घरात शांत होतं. इतकं शांत की मला आधी वाटलं, दिगू गेला. पण तो बसलेला होता. डोळे मोठे करून, हात छातीवर ठेवून, कान देऊन ऐकत.

"ताई," तो कुजबुजला, "आत कुणी न्हाई."

त्यानं एक श्वास घेतला. मग दुसरा, अजून मोठा. मग उशी फेकून तो उठला आणि दार उघडून पळत सुटला. दिगू आणि पळत! त्याला पळताना मी जन्मात बघितलं नव्हतं. त्याला पळायचं कसं तेही नीट माहीत नव्हतं, हात भलतीकडेच जात होते. शकिला आणि मी त्याच्या मागं. पाण्याच्या टाकीला त्यानं सात फेऱ्या मारल्या, आठव्या फेरीला पडला, गुडघा फोडून घेतला, रक्त बघून हसला आणि परत उठला. शकिला रडत होती. मी तिच्या पाठीत गुद्दे घालत होते, का ते मला माहीत नाही. एवढा आनंद मला त्यानंतर कधी झाला नाही. लग्नात नाही, पोरं झाली तेव्हाही नाही.

अर्ध्या तासानं मला तहान लागली म्हणून मी आणि शकिला घरी आलो.

आप्पा उठले होते. स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवत होते. आईनं झाकून ठेवलेलं ताट पुढ्यात, भाकरी, डाळीची आमटी, बुक्कीनं फोडलेला कांदा. आणि ताटाशेजारी ती वाटी. त्यांनी कांद्याची पाकळी वाटीत बुडवली, मीठ लावून तोंडात टाकली, भाकरीचा तुकडा मोडला, आणि परत वाटीत बोटं घातली.

"आप्पा!"

मी अशी किंचाळले की शकिलानं कान झाकले. मी झेप घेऊन वाटी उचलली. अर्धी रिकामी झाली होती.

"काय गं?" आप्पा म्हणाले. "जेवू देशील का न्हाई?"

"थुंका! आप्पा, थुंका ते! तोंड धुवा!"

"मीठच हाय की."

ते पुढं काही बोलणार होते, पण त्यांना ठसका लागला. पाणी प्यायले. परत ठसका. मग त्यांनी श्वास घेतला आणि मी तो आवाज ऐकला. बारीक शिट्टी. सोडताना मोठी. आप्पांच्या छातीतून, माझ्या बापाच्या त्या रुंद छातीतून, दिगूची शिट्टी वाजत होती. शकिला भिंतीला चिकटून उभी होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते.

मी बोलत सुटले. दात, कुत्रा, बंब, दिगू, सगळं एका दमात. माझी चूक झाली, मी वाटी तिथं ठेवायला नको होती, मी जाळायला हवं होतं, मी आत्ता बंब पेटवते, राहिलेलं टाकते. आप्पा भिंतीला टेकून ऐकत होते. मधेमधे हात वर करून थांब म्हणत होते, पण मला थांबता येत नव्हतं. शेवटी त्यांनीच श्वास गोळा करून म्हटलं, "शकिला, बाळ, तू घरी जा. कुणापाशी बोलू नको."

शकिला गेली. जाताना तिनं एकदा मागं वळून आप्पांकडे बघितलं. मोठी माणसं अशी बोलत नसतात, निदान तिच्या पुस्तकांत तरी.

"बस," आप्पा मला म्हणाले. "बंब पेटवायचा न्हाई. वाटी नीट धर, सांडू नको."

"आप्पा, तुम्हाला कळतंय का मी काय केलंय?"

"मला ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"मी जागा होतो, हेमे." ते थांबले, दम घेतला. "तुमच्या बोलण्यानं जाग आली मला. मग त्याची शिट्टी बंद झाली. सात वर्षांत पहिल्यांदा. मी कान देऊन ऐकलं."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांच्या पाठीमागं, हात मागं नेला तर लागेल अशी, मिठाची बरणी होती. सकाळीच भरलेली, काठोकाठ. मग मला कळलं.

"तुम्ही मुद्दाम खाल्लं?"

"व्हय."

"का? जाळलं असतं की! शकिलाच्या दाताचं जळलं, कुत्र्याचं जळलं!"

"बाहेरनं आलेलं जळतं," आप्पा म्हणाले. "जन्माबरोबर आलेलं जळत न्हाई." मग अडखळत, थांबत, त्यांनी मला सांगितलं. त्यांच्या आज्जीचा हात माझ्यासारखा होता. दात, डोकं, विंचू, सगळं ती मिठात उतरवायची आणि चुलीत टाकायची. आप्पांना लहानपणी फेफरं यायचं, जन्मापासून. आज्जीनं तेही उतरवलं आणि चुलीत टाकलं. चार दिवस पोरगं बरं. पाचव्या दिवशी फेफरं परत आलं ते दुपटीनं आलं.

"त्याला माणूस लागतं," ते म्हणाले. "आपलंच माणूस. आज्जीनं दुसऱ्यांदा उतरवलं, आन् ते आईनं खाल्लं. माझ्या आईनं. भाकरीवर पसरून. मी समोर बसलो होतो, दिगूएवढा. मला वाटलं, आई जेवतीया."

आप्पांची आई भाजून गेली, एवढंच आमच्या घरात सांगितलं जायचं. कशानं भाजली, ते कुणी कधी सांगत नव्हतं. मी आता तोंडावर हात ठेवला.

"चुलीपुढं बसली असताना आलं तिला," आप्पा म्हणाले. "मला मात्र त्यानंतर एकदाबी आलं न्हाई. कधीच न्हाई. मला वाटलं होतं, हे आज्जीबरोबर संपलं. तू मूठ भरलीस तवा पडद्याआडनं बघत होतो. येऊन तुझा हात धरणार होतो. पण तेवढ्यात त्याची शिट्टी थांबली."

"मी तुमच्यावरून काढते!" मी ओरडले. "आत्ता काढते. मला येतंय, आप्पा!"

"काढशील. आन् देशील कुणाला?"

मी वाटीतली चिमूट उचलली आणि तोंडात टाकली. आप्पांनी अडवलं नाही. मी चावलं, गिळलं, श्वास धरून वाट बघितली. काही झालं नाही. नुसतं खारट लागलं. मी दुसरी चिमूट टाकली, आणि ते म्हणाले, "वाया घालवू नको. आज्जीनंबी खाऊन बघितलं होतं. काढणाऱ्याला चिकटत न्हाई ते. ती त्याचंच रडत मेली."

मी वाटी कानाशी नेली. का नेली कोण जाणे. आत बारीक शिट्टी वाजत होती.

तेवढ्यात दिगू दारात आला. घामानं निथळत होता, गुडघ्याला रक्त, चेहरा लालबुंद. "ताई, मी टाकीला पंधरा फेऱ्या मारल्या!" तो म्हणाला आणि खोकला. एकदाच खोकला. मग छातीवर हात ठेवून त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा पडला.

"ताई, ते परत यायला लागलंय."

"बाहेर खेळ जा," आप्पा त्याला म्हणाले. "ताई आलीच." तो गेल्यावर त्यांनी माझ्यापुढं हात केला. "आण इकडं. जे उरलंय ते त्याच्याकडं परत जातं. रात्रीपर्यंत जाईल सगळं."

मी वाटी मागं घेतली, पाठीमागं लपवली.

"अर्धं तुम्हाला, अर्धं त्याला," मी म्हणाले. "अर्ध्यानं कुणी मरत न्हाई, आप्पा. अर्ध्यावर दोघं राहा."

"पूर्ण असताना दोनदा जीपमध्ये घालून नेलाय त्याला. अर्ध्यावर किती दिवस काढील?" ते उठायला बघत होते, पण त्यांना उठता येईना. एक हात भिंतीवर टेकवून ते अर्धवट उभे राहिले आणि परत खाली बसले. त्यांचे ओठ निळे पडत होते. "मी तुझ्या हातातनं हिसकावून घ्यायचा न्हाई, हेमे. मला जमणारबी न्हाई आता. तूच दे."

"मी न्हाई देणार."

"मग तुझी आई येईल. ती दिगूची छाती ऐकेल, माझी ऐकेल, तुझ्या हातात वाटी बघेल. तिच्यापुढं तुझं तोंड बंद राहणार न्हाई. ती काय करेल, तुला ठावं हाय का?"

मला माहीत होतं. आई विचार करत बसली नसती. ती वाटी तोंडात उपडी करून मोकळी झाली असती.

"माझा जन्म बॉयलरवर जायचाय, धूरच खायचाय मला. तिला नको," आप्पा म्हणाले. "चार वाजत आलेत."

बाहेर दिगू पुन्हा खोकला. या वेळी तो बराच वेळ खोकत राहिला.

कोरडं त्यांना गिळता आलं नसतं. मी पेला घेतला, त्यात वाटी उपडी केली, माठातलं पाणी ओतलं आणि चमच्यानं ढवळलं. खडे मीठ लवकर विरघळत नाही. मी ढवळत राहिले. चमचा पेल्याला लागून आवाज होत होता आणि मी मनात म्हणत होते, विरघळू नको, विरघळू नको. ते विरघळलं. मी पेला नेऊन त्यांच्या हातात दिला.

मला कुणी धरलं नव्हतं. बारा वर्षांची पोरगी काय करणार, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगून बघितलं. पण मी ढवळताना खाली तळाशी खडे राहिलेत का ते वाकून बघितलं होतं. दोन राहिले होते, तर मी चमच्यानं ते चेपले. ते काही कुणी मला सांगितलं नव्हतं.

आप्पा त्यानंतर नऊ वर्षं जगले. पहिल्या दोन वर्षांतच बॉयलर सुटला, मग त्यांना गोदामात बसवलं, मग तेही झेपेना. कॉलनीतली माणसं म्हणायची, धुळीनं खाल्लं माणसाला. दिगू पोलिसात आहे. उंच, धिप्पाड, अजून रोज पहाटे दहा किलोमीटर पळतो. शेवटच्या आजारात आप्पांना तोच पाठीवर घेऊन दवाखान्याचा जिना चढायचा आणि खाली येऊन मला म्हणायचा, "ताई, लहानपणी मला होतं तसंच हाय गं हे. माझं बरं झालं, मग ह्यांचं का होत न्हाई?" मी त्याला काही सांगितलं नाही. सांगून त्याला कुठं ठेवू? मी नंतर कुणावरून मीठ उतरवलं नाही, माझ्या पोरांना कितीही ताप आला तरी नाही.

त्या दिवशी आप्पांनी पेला दोन्ही हातांनी धरला आणि न थांबता प्यायले. मधे एकदा तोंड वाकडं झालं, कुणाचंही होईल तसं. बाहेरचा खोकला थांबला. तेवढ्यात भोंगा झाला, आणि थोड्याच वेळात आई दारात आली. पिशवी खांद्यावर, हाताला खडूची पूड.

"अगं बाई, दिगू टाकीपाशी पळतोय! ह्याला झालंय काय?" असं म्हणत ती आत आली आणि आप्पांना बघून थबकली. "आणि तुम्ही असे का बसलाय? काय पिताय?"

"मीठपाणी," आप्पा म्हणाले. "घसा धरलाय जरा."

आईनं पेला घेतला, हुंगला, खाली ठेवला. मग माझ्याकडे वळली. मी अजून चमचा धरून उभी होते.

"हेमानं करून दिलं व्हय?" ती म्हणाली, आणि खडूचा हात माझ्या केसांवरून फिरवला. "शहाणी गं माझी बाय."